न मागता जे ताटात येतं

कल्याण-नगर रस्त्यावर ओतूर सोडून माळशेज घाटाकडं निघालं की मढ लागतं. एका अंगाला पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, समोर हरिश्चंद्रगडाची रांग आणि रस्त्याला लागून हॉटेलं. त्यातलं एक आमचं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं चहा, भजी आणि मिसळ एवढंच मिळायचं. पुढं पावसाळ्यात मुंबई-कल्याणची गर्दी वाढत गेली, तसा पत्र्याचा मांडव गेला, स्लॅब पडला, टेबलं आली. टेबलं आली म्हणजे मेनू कार्ड आलंच. सुरुवातीची बरीच वर्षं मी भटारखान्यात काढली आणि नंतर गल्ल्यावर बसायला लागले. लोक काय खातात हे मला आत असताना जेवढं कळलं नाही, तेवढं बाहेर बसून कळलं.

आमचं पहिलं कार्ड आम्ही लिहिलंच नव्हतं. ह्यांनी आळेफाट्याच्या एका छपाईवाल्याला सांगितलं, ढाब्याचं कार्ड पाहिजे. त्याच्या कॉम्प्युटरवर फाइल तयारच होती. वर हॉटेलचं नाव बदलायचं, खाली फोन नंबर, मधे दर. लॅमिनेशन करून संध्याकाळी कार्डं हातात. या रस्त्यावरच्या हॉटेलांची कार्डं आजही शेजारी शेजारी मांडून बघा. सूप, स्टार्टर, पनीर, काजू, दाल, तंदूर, राइस, चायनीज, हा क्रम सगळीकडं तोच आणि छपाईच्या चुकासुद्धा त्याच. आमच्या कार्डावर पनीर पसंदा होता. आमच्या आचाऱ्यानं तो जन्मात केला नव्हता. कुणी मागितलाच तर 'आज संपलाय' म्हणून सांगायचं. आणि आत रोज जे शिजत होतं, मटकीची उसळ, पिठलं, हुलग्याचे शेंगोळे, मासवडी, त्यातलं एकही नाव त्यावर नव्हतं. ते कामगारांचं आणि आमचं जेवण. मीच रांधत होते आणि तरी ते गिऱ्हाइकाला विकायचं जेवण आहे, असं मला कधी वाटलं नाही.

त्या कार्डावरची 'व्हेज'ची दोन पानं मी एकदा निवांत वाचली. नावं भरपूर, भाजी मात्र शोधावी लागते. पनीर, काजू, मलई, पुन्हा पनीर. ढाब्याचा भटारखाना ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे की सकाळी लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन ग्रेव्ही करून ठेवतात आणि दिवसभर त्याच तिघी वेगवेगळ्या नावांनी टेबलावर जातात. माणूस दहा मिनिटं कार्ड चाळतो, घरात मतदान घेतो आणि शेवटी त्याच तेलाच्या, त्याच काजूच्या वाटणाच्या तीनपैकी एका पातेल्याकडं येतो.

बाहेरचा बोर्डही आमचा नव्हता. एका शीतपेय कंपनीचा माणूस आला. काचेचा फ्रिज फुकट, बोर्ड फुकट. अट एवढीच की फ्रिज दारात, येणाऱ्याच्या तोंडासमोर पाहिजे. बोर्डाच्या अर्ध्या भागात हॉटेलचं नाव आणि अर्ध्यात बाटली. गाडीतून उतरलेलं पोर हात धुवायच्या आधी बाटली मागायला लागायचं. आमचं ताक मात्र आत माठात. ते दिसत नव्हतं, कार्डावर नव्हतं, म्हणून कुणी मागत नव्हतं, आणि कुणी मागत नाही म्हणून आम्ही ते कार्डावर घेत नव्हतो. हे वर्तुळ मला कितीतरी उशिरा दिसलं.

हे पहिल्यांदा टोचलं ते एका आजींमुळे. कल्याणकडचं कुटुंब होतं, माळशेज बघून परतणारं. टेबलावर कार्ड एक, ते मुलाच्या हातात. त्यानं बायकोला विचारलं, पोरांना विचारलं, पनीर आणि बटर नान सांगितलं. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काही नको, थोडा भात द्या." साखरेचा आजार असलेल्या बाईनं पांढऱ्या भातावर वरण घालून जेवण उरकलं. जाताना त्या हात धुवायला मागच्या बाजूला आल्या. आत आमच्या मावशी भाकरी थापत होत्या. आजी उंबऱ्यावरच थांबल्या. "भाकरी होती होय? मला कुणी सांगितलंच नाही."

२०२३ मध्ये आयसीएमआरचा मोठा अभ्यास आला, त्यात देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज होता. म्हणजे रविवारी आमच्याकडं बसणाऱ्या मोठ्या कुटुंबांतल्या बऱ्याच टेबलांवर असं एखादं माणूस असणारच. पण हॉटेलात कार्ड त्याच्या हातात जात नाही. कार्ड जातं पैसे देणाऱ्याच्या किंवा सगळ्यात धाकट्याच्या हातात. मग आम्ही कार्ड नव्यानं लिहिलं, टेबलाला दोन कार्डं द्यायला सुरुवात केली आणि वाढणाऱ्या पोरांना सांगून ठेवलं, दुसरं कार्ड टेबलावरच्या वयानं मोठ्या बाईपुढं ठेवायचं. आधी त्या बायका लाजून कार्ड पुढं सरकवायच्या. पण पहिल्या पानावर 'पिठलं-भाकरी', 'वांग्याचं भरीत', 'मटकीची उसळ' दिसलं की बोट तिथं टेकायचं. आणि गंमत अशी की आजींनी पिठलं मागवलं की टेबलावरचे सगळे त्यात भाकरी बुडवतात. दुसरं पिठलं हमखास सुटतं.

पहिल्या पानाबद्दल बोलायचं तर, आमच्या कार्डावर आता पहिली ओळ मासवडीची आहे. जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाला मासवडी सांगायला नको. पण मुंबईचं गिऱ्हाईक विचारतं, मासे असतात का यात? नसतात. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ, सुकं खोबरं, खसखस, कांदा-लसणाचं सारण भरायचं, गुंडाळी वळून वड्या पाडायच्या आणि झणझणीत पातळ रश्शाबरोबर वाढायच्या. हे फार हलकं जेवण आहे असं मी म्हणणार नाही, खोबरं-तीळ आहेत. पण डाळीचं पीठ आहे, मलई नाही, काजूचं वाटण नाही, आणि दोन वड्यांत माणूस थांबतो. कार्डाच्या पहिल्या चार ओळी लोक वाचतात, पुढची पानं चाळतात. पनीर आम्ही काढलं नाही. ते तिसऱ्या पानावर गेलं. ज्याला ते हवंच असतं तो तिथपर्यंत जातो. ज्याला काहीही चालतं, तो पहिल्या पानावरच थांबतो, आणि काहीही चालणारे खूप असतात.

रश्शाची गोष्ट वेगळी. आमच्या भागात रश्शावर बोटभर तर्री नसेल तर गिऱ्हाईक आचाऱ्याला नावं ठेवतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध लागलं आणि सूर्यफूल तेलाचा डबा भडकला, तेव्हा आम्ही तर्री वेगळ्या वाटीत द्यायला लागलो. कारण सरळ पैशाचं होतं, उगाच कुणाच्या हृदयाची काळजी केल्याचा आव आणणार नाही. पळी खालून फिरवून रस्सा वाढायचा आणि तर्रीची छोटी वाटी बाजूला, फुकट. पहिले काही दिवस कुरबुर झाली. मग दिसायला लागलं की वाट्या अर्ध्या भरलेल्या परत येतायत. मागून घेतलेली तर्री माणूस संपवतो; समोर वेगळी ठेवलेली तर्री तो चवीपुरती घेतो. परत आलेली तर्री टाकून द्यावी लागते, आणि तेलाचा हिशोब आचाऱ्याकडं. थोड्याच दिवसांत त्यानं आपणहून फोडणीचं तेल कमी केलं. त्याला कुणी आहारशास्त्र शिकवलं नव्हतं. पुढं तेल उतरलं तरी वाटी तशीच राहिली.

थाळीत हात घालताना मात्र जपावं लागतं. थाळीचं गिऱ्हाईक वाट्या मोजतं. आमच्या थाळीत गुलाबजामची वाटी होती. गोड विचारून वाढायचं असं ठरवलं, तर पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "एक वाटी कमी झाली, मग दर तोच कसा?" त्याचं बरोबर होतं. म्हणून वाटी ठेवली, आतला पदार्थ बदलला. गोडाच्या जागी मोडाची उसळ आली, तळलेल्या पापडाच्या जागी भाजलेला, कांदा-लिंबाच्या बशीत काकडी आणि मुळा. वाट्या तेवढ्याच राहिल्या, तक्रार थांबली. गुलाबजाम पाहिजे असेल तर मागा, मिळतो, पैसे वेगळे. मागणारे आहेत, पण पूर्वी जेवढे खायचे त्याच्या तुलनेत थोडेच. यातून मला एवढं कळलं की थाळीत जे न मागता येतं ते माणूस खातो आणि मागावं लागतं ते बहुतेक वेळा सोडून देतो. मग तो गुलाबजाम असो नाहीतर भाकरी.

हाफ प्लेटचंही तसंच. ढाब्याची भाजीची प्लेट दोघांची असते. एकटा माणूस ती मागवतो आणि पैसे दिलेत म्हणून संपवतो. अर्धी प्लेट आम्ही आधीही देत होतो, पण छापलेली नव्हती. विचारायला माणसाला लाज वाटते, समोरच्या टेबलावरचे काय म्हणतील. दरासकट छापली तशी ती चालायला लागली.

२०२३ हे साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, भारताच्याच पुढाकारानं जाहीर झालेलं. आमच्या पश्चिम पट्ट्यात नाचणी आणि वरई डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या होतेय, त्यामुळं आम्हाला गंमतच वाटली. त्या वर्षी या रस्त्यावरच्या एका हॉटेलानं 'पौष्टिक मिलेट थाळी' असा हिरवा फ्लेक्स लावला. नाचणीची भाकरी, वरईचा भात, पालेभाजी, सगळं उत्तम होतं, मी स्वतः जेवून आले. पण गिऱ्हाईक फिरकेना. सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडलेल्या माणसाला कुणी 'पौष्टिक' म्हटलं की त्याला डॉक्टरांचा कागद आठवतो. तो फ्लेक्स पावसाळ्याआधीच उतरला.

माझी पुतणी आहारशास्त्र शिकते. तिनं मला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहात झालेला एक प्रयोग सांगितला, २०१७ मध्ये छापून आलेला. तीच भाजी, तशीच शिजवलेली. फक्त पाटीवरचं नाव रोज बदलायचं. कधी साधं नाव, कधी 'कमी चरबीची', 'आरोग्यदायी' असं, कधी चवीचं, तोंडाला पाणी सुटेल असं. चवीच्या नावाची भाजी साध्या नावापेक्षा पंचवीस टक्के जास्त लोकांनी घेतली आणि 'कमी चरबीची' अशा नावापेक्षा एक्केचाळीस टक्के जास्त. मी तिला म्हटलं, हे शोधायला विद्यापीठ लागतं का? आमच्या कार्डावर नाचणीची भाकरी आहे, तिच्यापुढं लिहिलंय 'चुलीवरची, लोण्याचा गोळा आणि लसणाच्या ठेच्यासोबत'. लोणी बघून पुतणीनं कपाळाला हात लावला. पण गोळा लिंबाच्या बीपेक्षा थोडाच मोठा असतो, आणि त्याच्यासाठी माणूस बटर नान सोडतो. हा सौदा मला परवडतो.

कार्डावर उष्मांकाचे आकडे छापावेत का, हेही तिनंच विचारलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना पदार्थापुढं किलोकॅलरी लिहावी लागते. २०२२ च्या जुलैपासून ते लागू झालं. आम्हा एकट्या-दुकट्या ढाब्यांना ते बंधन नाही आणि खरं सांगायचं तर आम्ही ते करूही शकणार नाही. आमचा रस्सा कालचा आणि आजचा सारखा नसतो, त्याचा आकडा काय काढणार? पुण्यातल्या एका मॉलमध्ये मी असं कार्ड पाहिलं. बर्गरपुढचा आकडा मुलानं मोठ्यानं वाचला, सगळे हसले आणि तोच बर्गर मागवला. आकडा वाचायला भूक थांबत नाही. न्यूयॉर्कमध्ये २००८ पासून आकडे छापतात म्हणे. तिथल्यांना किती उपयोग झाला ते तिथले जाणोत. माझ्या गिऱ्हाइकाला आकड्यापेक्षा अर्धी प्लेट जास्त उपयोगाची आहे.

या सगळ्यात मला आवडलेलं काम मात्र ड्रायव्हर लोकांच्या पाटीचं. रात्री ओतूर, नारायणगावकडून भाजीपाल्याच्या आणि दुधाच्या गाड्या कल्याणकडं निघतात. पुढं घाट. ड्रायव्हर अकरा-बाराला थांबतो, दिवसभराची भूक असते, मटण नाहीतर अंडाकरी, चार-पाच रोट्या, वर भात. मग माळशेजच्या वळणांवर पोट जड आणि डोळे जड. पावसाळ्यात तिथं धुकं असतं, दरडी येतात. एका वयस्क ड्रायव्हरनंच आम्हाला सांगितलं, "बाई, आम्हाला कमी खायला सांगू नका, घाट खाली उतरल्यावर काय खायचं ते सांगा." त्याच्या बोलण्यावरून आम्ही हात धुवायच्या बेसिनवर एक पाटी लावली: 'घाट उतरायच्या आधी' आणि 'घाट उतरल्यावर'. पहिल्या खाली दोन भाकरी, डाळ, उकडलेली अंडी, कांदा, वर कोरा चहा. ताक त्यात मुद्दाम घातलं नाही, ताकानं झोप येते अशी ड्रायव्हर लोकांची पक्की समजूत आहे आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. दुसऱ्या खाली पार्सल: पिठलं-भाकरी नाहीतर अंडाभुर्जी-भाकरी, टोकावडे-मुरबाडकडं थांबून खायला. पार्सलमुळं आमचा धंदा बुडाला नाही, उलट एका गाडीची दोन बिलं व्हायला लागली. पाटीवर तब्येतीचा एक शब्द नाही. पण ज्यांना कुणी कधी काय खावं हे सांगत नाही त्यांच्यासाठी ती लिहिलीय, आणि ते ती वाचतात. काहीजण तर आता कार्ड न बघता नुसतं म्हणतात, "आधीचं द्या."

हीच युक्ती खिरेश्वरवरून तोलार खिंडीनं हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या पोरांसाठी वापरली. 'गडाआधी': नाचणीचं आंबील, पोहे, अंडी, केळी. पहाटे वडापाव मागणारी पोरं आंबील कुतूहलानं घेतात. अर्धी तोंड वाकडं करतात, अर्धी पुन्हा येतात.

रानभाज्या कार्डावर बसत नाहीत. लॅमिनेशन वर्षभर टिकतं आणि रानभाजी आठवडाभर. त्यांच्यासाठी खडूचा फळा. आषाढात डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाया टोपल्या घेऊन येतात. कधी कुर्डू, कधी टाकळा, फोडशी, भारंगी, करटुली. फळ्यावर रोज एकच नाव: 'आजची रानभाजी'. दोन-तीन नावं लिहिली की लोक गोंधळतात आणि पनीरकडं वळतात, एक लिहिलं की विचारतात, ही कसली हो? विचारलं की निम्मं काम झालं. वाढणाऱ्या पोरानं ती भाजी स्वतः खाल्लेली असली पाहिजे, नाहीतर तो 'गवतासारखी असते' असं सांगून मोकळा होतो. एका पोरानं तसं सांगितलेलं मी कानांनी ऐकलंय. तेव्हापासून दुपारचं कामगारांचं जेवण त्याच भाजीचं.

श्रावणात कार्ड आपोआप सुधारतं, त्यात आमचं कर्तृत्व काही नाही. गटारी झाली की मटणाची पातेली आत जातात. ओतूरच्या कपर्दिकेश्वराची श्रावणी सोमवारची यात्रा असते, तिथून परतणारी माणसं उपवासाचं मागतात. पूर्वी फराळाच्या ओळीत साबुदाणा खिचडी पहिली असायची. आता भगर आणि शेंगदाण्याची आमटी पहिली, खिचडी खाली. भगर जास्त जाते. कुणाला कधी काही सांगावं लागलं नाही.

आता पैशाचं. मला विचारणारे शेजारी हेच विचारतात. पनीरच्या प्लेटमागं जे सुटतं ते भाकरीमागं सुटत नाही. तंदूरवर एक माणूस शंभर माणसांच्या रोट्या काढतो. भाकरीला बाई लागते, चुलीचा धूर लागतो, आणि चांगली भाकरी थापणारी बाई मिळणं आता आचारी मिळण्याइतकंच अवघड झालंय. पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी दोननंतर आमच्याकडंही 'भाकरी संपली' अशी पाटी लागते आणि तंदूर चालतो. उसळीत मात्र चांगलं सुटतं, कडधान्य स्वस्त आणि नासाडी कमी. रानभाजीतही सुटतं, पण तिचा भाव मी बायांशी घासाघीस करून पाडत नाही, ते बरोबर दिसत नाही. गोळाबेरीज केली तर गल्ल्यात फार फरक पडलेला नाही. थोडा वर, थोडा खाली. फ्रिजवाल्या कंपनीशी मात्र बिनसलं. फ्रिज दारातून आत नेला, दारात ताकाचा माठ ठेवला, तर त्यांच्या माणसानं फ्रिजच उचलून नेला. दुसरा आम्ही विकत घेतला.

सध्या घरात नवा वाद आहे. मुलाला कार्ड बंद करून टेबलावर क्यूआर चिकटवायचाय, प्रत्येक पदार्थाचा फोटो टाकून. एका फोटोवाल्याला त्यानं बोलावलंही. पनीरचा फोटो सुंदर येतो, नारिंगी, वर मलईची नक्षी. पिठल्याचा फोटो काही केल्या येत नाही. कितीही दिवे लावा, ते पिवळं पिठलंच दिसतं. मुलगा म्हणतो, मग पिठल्याचा फोटोच नको. मी म्हणते, फोटो नसलेलं कोण मागवील? शिवाय दुसरं कार्ड आजींपुढं ठेवायचं ते कसं ठेवायचं, त्यांच्या हातात मोबाइल कुठाय? तूर्त असं ठरलंय की क्यूआरही असेल आणि छापील कार्डही, पडद्यावर पहिला फोटो मासवडीचा, तिच्या कापलेल्या वड्या फोटोत बऱ्या दिसतात, आणि पिठलं भाकरीच्या आडोशानं, वर ठेचा ठेवून पुन्हा काढायचं. फोटोवाला पुढच्या आठवड्यात येतोय. पावसाळ्याच्या आत हे उरकलं पाहिजे, नंतर कुणाला वेळ नसतो.